पंचावन्नावं स्तोत्र

छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये गायकमंडळात मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण एकाच पुस्तकात बघून गायचो. तिचा आवाज वरचा, माझा खालचा. बायबलातली स्तोत्रं आमच्याकडं देशी चालीवर, पेटी-तबल्यावर म्हटली जात. ती जिथं श्वास घेई तिथं मी ओळ उचलून धरायची. लोकांना वाटायचं, एकच बाई गाते आहे.

मला लहानपणी आकडी यायची. शाळेच्या मैदानात एकदा मी पडले, तेव्हा तिनंच माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि जमलेल्या पोरींना पाणी आणायला पिटाळलं होतं. पुढं आकडी बंद झाली. घरच्यांनी ती गोष्ट पुरून टाकली. पोरींना वाटलं होतं ऊन लागलं; बाहेरच्यांपैकी फक्त तिलाच खरं माहीत होतं.

मला शिक्षिकेची नोकरी लागली आणि पैठणच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं. तो दोनदा घरी येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्यानं मला एक स्तोत्र म्हणायला लावलं आणि स्वतःही सोबत म्हणू लागला. त्याला चाल नीट येत नव्हती, तरी तो थांबला नाही. मला तो मनापासून आवडला. साखरपुड्याचं ठरलं, आईनं जेवणावळीची तयारी केली. आणि त्याचे मामा एसटीनं येऊन वडिलांना सांगून गेले की मुलीला फिट येते असं कळलंय, आम्हाला जमणार नाही. कोणी सांगितलं, असं वडिलांनी विचारलं. मामा म्हणाले, तिच्याबरोबर गाणारी मुलगीच म्हणाली.

त्याच आठवड्यात ती आमच्या घरी आली. माझ्याजवळ बसून रडली, मला बळंच दोन घास भरवले. मी तिला काही विचारलं नाही. आईलाही शपथ घातली की एक शब्द काढायचा नाही. विचारलं असतं तर मैत्रिणीनं नाकारलं असतं किंवा पाय धरले असते, आणि मला त्यातलं काहीच नको होतं.

आमच्या घरी रोज संध्याकाळी वडील एक स्तोत्र वाचत, ओळीनं. पण मधली काही स्तोत्रं ते गाळत. का गाळतात हे लहानपणी कळलं नव्हतं. आता मी दार लावून तीच काढली. त्यांत माणूस देवाला सांगतो की माझ्या वैऱ्याचे दात पाड, तो गोगलगाईसारखा विरघळून जाऊ दे, त्याची लेकरं दारोदार फिरू देत, त्याचं नाव पुढच्या पिढीत उरू देऊ नकोस. मी पेन्सिलीनं खुणा करून ती पाठ केली. उपासनेत मान खाली घालून सगळे प्रार्थना करीत, तेव्हा मी तिचा आवाज जावा म्हणून प्रार्थना करीत असे. त्यानंतर ती डोळे पुसून माझ्याशेजारी उभी राही आणि आम्ही गायचो.

तिचं लग्न झालं, ती पुंडलिकनगरला राहायला गेली, पण चर्चला छावणीतच येत राहिली. माझं झालं नाही. एक बातमी पसरली की तिच्या मागून दुसऱ्या बातमीची गरज पडत नाही. मी शाळेत शिकवत राहिले, आणि पुढं कधीतरी चर्चच्या स्त्रीसंघातल्या बायबल-अभ्यासाचं काम माझ्याकडं आलं.

मी पाळकीणबाईंना, आमच्या धर्मगुरूंच्या बायकोला, म्हणाले की या वर्षी स्तोत्रं घेऊ. त्या खूश झाल्या. त्यांना वाटलं, मेंढपाळाचं, डोंगरांचं, चांदण्यांचं घेईन. मी वडिलांनी गाळलेली काढली. आणि वाचायला दर वेळी तिलाच उभं केलं. म्हणाले, तुझा आवाज मागपर्यंत पोचतो. ती लाजून उठायची.

बायका ती स्तोत्रं एवढी धरतील असं मला वाटलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात आया असलेली एक म्हातारी पहिल्याच दिवशी म्हणाली, "असं बी लिवलंय व्हय देवाच्या पुस्तकात? मग आजवर आम्हाला कुणी का नाय सांगितलं?" दातांचं स्तोत्र तिनं पुन्हा वाचायला लावलं. जावयासाठी, असं ती उघड म्हणाली. एक तरुण सून अभ्यास संपेपर्यंत पदराआड रडत होती. पाळकीणबाई अस्वस्थ झाल्या. पुढं प्रभूनं शत्रूवर प्रीती करायला सांगितलं तेही घ्या, म्हणाल्या. घेऊ की, मी म्हणाले. घेतलं नाही.

मग पंचावन्नावं आलं. ती नेहमीसारखी उभी राहून वाचू लागली. त्यात मध्यावर तो माणूस म्हणतो की वैऱ्यानं माझी निंदा केली असती तर मी सोसलं असतं, पण तो तर तू होतास, माझा जिवाचा मित्र, आपण बरोबरीनं देवाच्या घरी जात होतो. ती तिथं आली आणि थांबली. बायका वाट पाहत राहिल्या. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पुस्तकातच पाहत राहिली.

"वाच," मी म्हणाले. "थांबलीस का?"

तिनं शेवटपर्यंत वाचलं. आवाज फाटला होता.

सगळ्या गेल्यावर ती फाटकाजवळ माझी वाट बघत होती. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ती म्हणाली, पैठणच्या त्या मुलाच्या आईनं चर्चच्या आवारात मला थेट विचारलं, आणि देवाच्या दारात माझ्यानं खोटं बोलवेना. मी म्हणाले की खोटं बोलायला कोणी सांगितलं नव्हतं, गप्प बसता आलं असतं. ती पर्सचा बंद चाळवत राहिली. शेवटी म्हणाली, "कोणी विचारलंच नव्हतं. मीच जाऊन सांगितलं. सगळं तुझंच का चांगलं व्हावं, असं वाटलं मला."

हे ऐकून मला दुःख झालं नाही. मला बरं वाटलं, लई बरं वाटलं. इतकी वर्षं मी ज्या वैराचे दात पाड म्हणत होते ते खरंच तिच्यात होतं. तिनं माझा हात धरायला हात पुढं केला. मी छत्री त्याच हातात घेतली आणि रिक्षा बोलावली.

पुढच्या अभ्यासाला ती आली नाही. मग गायकमंडळातही यायची थांबली. घराजवळच्या दुसऱ्या चर्चच्या मंडळीत जाते असं कळलं. वाचन मी स्वतः करू लागले. मागच्या बायका म्हणत, बाई, ऐकू येत नाय. मी आवाज चढवून वाचत राहिले.

काही वर्षांनी तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. तिनं मुलीलाच घरी पाठवलं होतं. मुलगी वाकून नमस्कार करून म्हणाली, "मावशी, आईनं सांगितलंय, लग्नात स्तोत्र तुम्ही म्हणायचं. तिनं बाकी कुणाला सांगितलेलं नाही." मी येते म्हणाले.

गेले. मला पुढच्या रांगेत बसवलं. आमच्या लग्नांत म्हणतात तेच स्तोत्र होतं, घरातली बायको द्राक्षवेलीसारखी आणि लेकरं रोपांसारखी, ते. पेटीवाल्यानं सूर दिला आणि माझ्याकडं पाहिलं. मी उठले नाही. त्यानं पुन्हा सूर दिला. शेवटी मंडळीच आपणहून गाऊ लागली, वेगवेगळ्या सुरांत, नुसता गोंधळ. ती मुलीच्या मागं उभी होती. सगळे गात होते आणि ती माझ्या ओठांकडं बघत होती. मी ओठ मिटून, तिच्याकडं सरळ बघत, स्तोत्र संपेपर्यंत बसून राहिले.

नंतर मी नवरा-नवरीला आशीर्वाद दिला आणि पंगतीत पोटभर जेवले. तिनं स्वतः वाढायला येऊन माझ्या ताटात गोड वाढलं.