मागे घेतलेली टीप

शकीलाआपा नसत्या तर मी गझलेच्या वाटेला गेलोच नसतो. सातवीत शाळा सुटलेला मी, इथे हैदराबादेत त्यांच्या शेजारच्या मशीनवर बाह्या शिवतो. आपा मूळच्या परभणीकडच्या, म्हणून आमचं बोलणं मराठीत.

काल भीतभीत दोन शेर वाचून दाखवले. आपा हसल्या. "काय रे, दोन्हींचे शेवट दोन गावांना! शिलाई संपताना मशीन मागे घेऊन टीप पक्की करतोस ना? नाहीतर उसवतं. तसा प्रत्येक शेर एकाच शब्दावर परत यायला हवा. निवड शब्द."

माझ्या तोंडून निघालं, "घरी."

"मग तोच घे," आपा म्हणाल्या.

सुट्टी मागायचा मला धीर होत नाही, आणि ही गझल दर दोन ओळींनी तिथंच नेऊन सोडते. आई दार उघडते आणि लेखणी अडते. उसवू नये म्हणून मागे यावं लागतं, हे कापडाबाबत ठाऊक होतं. स्वतःबाबत कधी विचारच केला नव्हता.

शेवटच्या शेरात कवी आपलं नाव घालतो म्हणे. मी आपांचं घालीन. आणि ती गझल ऐकवायला एक दिवस त्यांना घेऊन जाईन, आमच्या घरी.