जांभ्याखालची निवडक पानं

महेंद्र साळवे डोंबिवलीतल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. विभागाच्या संग्रहालयाची खोली संगणकांना बहाल झाली, तेव्हा त्यांच्या अश्मीभूत पानांचे खोके वर्तकनगरच्या घरी पलंगाखाली आले. ‘‘दगडांना जागा आहे, माझी बहीण आली की मात्र घर लहान पडतं,’’ असं मंजुळाबाई नवऱ्याला ऐकवीत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पानं रत्नागिरीकडची, साळव्यांच्याच गावची. तिथं विहीर खणताना जांभा संपला की काळी चिकणमाती लागे, आणि तिच्या थरांत लाखो वर्षांपूर्वीची पानं दडपलेली असत. मे महिन्याच्या सुट्टीत चुलतभाऊ गुणाजी ढेकळं वर काढी. साळवे सुरीनं थर उकलत.

अशा पानांच्या आकारावरून त्या काळचा पाऊस अजमावता येतो. साळव्यांची जुनी विद्यार्थिनी प्रियांका आता तेच संशोधन करीत होती. ती खोके पाहायला येणार म्हटल्यावर साळव्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला. वरिष्ठांनी ‘दगडगोटे’ म्हणून हिणवलेलं आयुष्यभराचं काम अखेर कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं.

तिनं सगळे खोके उघडून पाहिले.

‘‘सर, लहान पानं कुठं आहेत? तुटकी, किडलेली?’’

‘‘ती खराब होती. तिथंच विहिरीच्या मातीच्या ढिगावर टाकली.’’

‘‘सगळी?’’

‘‘नमुना मोठा, अखंड हवा. मीच शिकवलं ना तुला?’’

‘‘शिकवलंत की! किडकं पान आणलं म्हणून वर्गाबाहेर काढलं होतंत.’’ ती हसली. मग तिचा आवाज उतरला. ‘‘पण सर, या कामात सापडतील ती सगळी पानं मोजावी लागतात. नुसती मोठी घेतली, तर होता त्याहून जास्त पाऊस निघेल. मला ही वापरता येणार नाहीत.’’

साळव्यांना विद्यार्थिदशेतले आपले परीक्षक आठवले. फाटक्या पानाला गुण नाहीत, हा त्यांचा कायदा. पान कशासाठी जपायचं, हे मात्र त्यांच्यापैकी एकानंही सांगितलं नव्हतं. पुढं साळव्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी तिच्यासमोरच गुणाजीला फोन लावला. ‘‘गावात कुणी विहीर खणतंय का रे?’’

‘‘आता कोण खणतो, दादा! बोअर मारतात सगळे. आणि तुझा तो ढीग रस्त्याच्या भरावाला गेला.’’

चहा घेऊन प्रियांका निघून गेली. मंजुळाबाई खोके आत सरकवायला खाली बसल्या.

‘‘किती पाऊस होता, सांगितलं का तिनं?’’

‘‘नाही,’’ साळवे म्हणाले. ‘‘आता ते कळायचं नाही.’’