पेरांवरची शांतता

चर्चचे पाळक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी कॉलेजात सांत्वन शिकवतो. दुःखी माणूस बोलून थांबला की मनात दहापर्यंत मोजा, मगच तोंड उघडा, हा माझा जुना धडा. काल इस्पितळात माझी विद्यार्थिनी रूथ नुकताच नवरा गेलेल्या एका मावशींजवळ बसली होती. तिचा एक हात मावशींच्या हातात होता. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकत होता. मला तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचाही संशय आला. शिकवलेली माया आणि आतून आलेली माया बाहेरून सारखीच दिसते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मोजत होतीस ना?"

"हो सर. सहापर्यंत आले आणि त्या म्हणाल्या, आता सकाळी चहा कुणासाठी टाकू? मग पुढचं मोजायचं राहूनच गेलं."

माझे वडील गेले त्या दुपारी आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. देवा, क्षमा कर, तेव्हा मी दहा पूर्ण केले होते.

रूथ माझ्या बोलण्याची वाट पाहत उभी होती. माझा अंगठा चौथ्या पेरावर होता.