उकाराखालची रेघ

परवा फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मराठीत चार ओळी घालायच्या, त्यातल्या दोन-तीन शब्दांखाली रेघ हवी, आणि संगणकावर पानं जुळवणाऱ्या तुझ्या त्या टेक नावाच्या प्रणालीत रेघ काही सरळ येत नाही. "आजी, ज्या शब्दाला उकार आहे त्याची रेघ खाली घसरते, ज्याला नाही त्याची वर राहते. एकाच ओळीत पायऱ्या दिसतात." मग म्हणालीस, यातच दोन दिवस गेले. ते ऐकून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. फोन या कानावरून त्या कानावर घेत राहिले. तुला वाटलं असेल, आजीला ऐकू येत नाही. सगळं ऐकू येत होतं. या रेघेशी माझं जुनं भांडण आहे. तुझ्या बाबालाही ते मी धड सांगितलेलं नाही. आता लिहूनच काढते, म्हणजे तुम्हा दोघा भावंडांना वाचता येईल.

माझे वडील शाळा तपासनीस होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पाटण आणि शिराळा तालुक्यांतल्या शाळा त्यांनी बहुतेक पायीच तपासल्या. शाळेचं काम आटोपलं की गावातली एखादी म्हातारी नाहीतर गुराखी गाठायचा आणि समोरच्या झाडाकडे बोट दाखवून विचारायचं, "याला तुम्ही काय म्हणता?" उत्तर येईल ते वहीत. नोकरी संपली तेव्हा अशा वह्यांनी एक ट्रंक भरली होती. आई आधीच गेली होती. सांगलीच्या घरात एकटे बसून त्यांनी त्या वह्यांचं एक शंभर पानांचं पुस्तक तयार केलं: झाडं, झुडपं, वेली, कोणत्या गावात कोणतं नाव आणि उपयोग काय. हस्तलिखित पुरं झालं त्याच सुमारास मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली किती टिकेल याची खात्री नाही, दिवाळीपर्यंत आहे असं धरून चाला.

अण्णांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "तोवर पुस्तक छापून होईल का?"

डॉक्टर काय सांगणार? उत्तर मी दिलं. "होईल," मी म्हणाले. आपलं पुस्तक आपल्या डोळ्यांनी एकदा वाचायचं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते माझ्याकडून हवं होतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. तुझं ते टेकही तेव्हा परदेशात कुठेतरी नुकतंच जन्माला येत होतं, असं तूच मला मागे सांगितलं होतंस. मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटली की तुझ्या बाबाला तुझ्या आजोबांच्या स्वाधीन करून दुपारची सांगलीची एसटी धरायची आणि रविवारी परत. जूनपासून हे सुरू झालं. गाडी कऱ्हाडला थांबली की मी घड्याळ बघायची, पेठ नाक्याला थांबली की पुन्हा बघायची. शेजारची बाई एकदा म्हणाली, "आवं, सारखं बघून काय गाडी लौकर पोचंल व्हय?"

छापखाना सांगलीत एका बोळात होता. लग्नपत्रिका आणि हळदीच्या व्यापाऱ्यांची पावतीपुस्तकं, एवढंच त्यांचं काम. पुस्तक त्यांनी पूर्वी केलं नव्हतं. जुळणी करायला एकच माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणत. पन्नाशी उलटलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांचे भाऊ मिरजेला तंबोरे करायचे. हे मात्र शिशाच्या खिळ्यांत रमले होते. उभ्या उभ्या एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ लावायचे, आणि बोटं इतकी झरझर चालायची की मला ते अंदाजाने उचलतात असं वाटायचं.

कॉलेजात मला शिकवलं होतं की छापताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात असतं आणि हाताने लिहिताना त्याखाली रेघ मारतात. छापखान्यात तिरपी मराठी अक्षरं नव्हती. जाड अक्षरं होती, पण एक पानही पुरं होणार नाही इतकी थोडी. म्हणून मी ठरवलं की प्रत्येक नावाखाली छपाईतच रेघ घालायची. हस्तलिखितात नावांखाली रेघा मारल्या आणि चाचांना बजावलं, "कागदावर जिथं रेघ, तिथं रेघ. विचारत बसायचं नाही. आपल्याकडे वेळ नाही."

"बरं," ते म्हणाले.

तिथली रेघ म्हणजे पितळेची पट्टी. खिळ्याइतकीच उंच, आणि कागदावर फक्त तिची धार उठायची. शब्दाच्या मापाने कापून ती अक्षरांखाली बसवायची. 'हिरडा' खाली बसायला काहीच अडचण नाही. 'कुंभा' खाली ती उकारावर चढायची, आणि उकाराचं शेपूट मोडायचं. चाचांनी यावर आपला उपाय काढला. कानशीने घासून पट्टीला उकाराच्या जागी खाच पाडली. रेघ उकारापाशी थांबायची आणि पलीकडून पुन्हा सुरू व्हायची.

पहिलं प्रूफ बघून मी पिशवीतून फूटपट्टी काढली.

"चाचा, ही रेघ तुटकी आहे."

"उकाराला पाय हायत बाई. पायावर पट्टी ठिवली तर मोडनारच की."

"मग सगळ्याच रेघा खाली घ्या. सलग आणि एका पातळीत हव्यात."

"खाली घेतली तर खालच्या ओळीच्या वेलांटीला लागंल."

"मग ओळींतलं अंतर वाढवा."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "बाई, पितळ काय तुमची शाळा हाय व्हय, छडी दावली की सरळ बसाया?" पण केलं. आठ पानांची जुळणी सोडून नव्याने ओळी लावल्या. पुढच्या शनिवारी मी बघितलं तर नाव एकीकडे आणि रेघ भलतीकडेच, दुसऱ्या कोणाची असावी अशी. पुन्हा वर घ्यायला लावली. त्याच्या पुढच्या शनिवारी परत थोडी खाली. तीन आठवडे असे गेले, आणि शेवटी मी चाचांच्या खाचेवरच परत आले. साताऱ्याला तुझ्या आजोबांनी विचारलं, "तू अण्णांचं पुस्तक छापतेस, की छापखान्याची तपासणी करतेस?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्या तीन आठवड्यांत अण्णा प्रत्येक प्रूफ आधीच्यापेक्षा थोडं जवळ धरून बघत होते. मला ते दिसत होतं. 

चाचा कधी कधी घरी जाताना प्रूफ अण्णांना देऊन जात. प्रकरण संपलं की ते आपणहून खाली एक पितळी नक्षी घालायचे. मध्ये फुगीर, टोकांना निमुळती अशी आडवी पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना पान. लग्नपत्रिकेतली. अण्णांनी ती बघून विचारलं, "माझ्या पुस्तकात लग्न कोणाचं आहे?"

"अण्णासाहेब, झाडांचं पुस्तक आन् पानं नकोत व्हय?"

अण्णा मोठ्याने हसले. नक्षी राहिली. मला ती आवडली नव्हती, पण वेळ नव्हता म्हणून मी गप्प बसले.

मग ती चूक झाली. छापखान्यात सगळ्या पुस्तकाला पुरतील इतके खिळे नव्हते. आठ पानं जुळवायची, प्रूफ तपासून आलं की छापायची, आणि खिळे सोडून पुन्हा खणांत टाकायचे. मगच पुढची आठ. एका शनिवारी शाळेत घटक चाचणी होती, मला जाता येणार नव्हतं. चाचांनी प्रूफ एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलं. मी ते उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबरच तपासायला घेतलं, त्याच लाल पेन्सिलीने. शाळेत माझी एक पद्धत होती. चूक दिसली की तिच्याखाली रेघ मारायची आणि बरोबर काय ते लिहायचं नाही. ते मुलीने शोधायचं. त्याच तंद्रीत मी आठ पानं तपासली आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर कंडक्टरच्या हातात दिली.

पुढच्या शनिवारी छापखान्यात पोचले तेव्हा आठ पानं छापून वाळली होती. 'पानगळ' च्या जागी 'पागनळ' होतं आणि त्याखाली पितळी रेघ. 'औधषी' खाली रेघ. 'मूळपुंज' चं 'मूळुपंज' झालेलं, त्याखाली रेघ, आणि त्यातल्या दोन्ही उकारांना नीट घासलेल्या दोन खाचा. मी रेघ मारलेली एकही चूक सुटली नव्हती.

"चाचा, 'पागनळ' खाली रेघ का घातलीत?"

"तुमी मारलीया."

"चूक आहे म्हणून मारली!"

"मग बरुबर काय ते लिवायचं न्हाई व्हय? तुमीच म्हनला हुता, जिथं रेघ तिथं रेघ, इचारायचं न्हाई. म्या इचारलं न्हाई. लय वाटलं इचारावं. मग म्हनलं, बाई शिकलेल्या हायत, आसंल एखादं झाड."

"पागनळ नावाचं झाड?"

"शिराळ्याकडं काय बी नावं असत्यात, बाई."

त्यांनी आपली बोटं पुढे केली. घासून घासून टोकं सोलवटली होती. मला ओरडायचं होतं, पण ओरडण्यासारखं काही राहिलं नाही. खिळे सगळे खणांत परत गेले होते. "पुन्हा जुळवतो," ते म्हणाले, "पर दोन हप्तं जातील." मी हो म्हणाले आणि तशीच भराभर अण्णांकडे निघाले. श्रावण संपत आला होता. दोन आठवडे मिळवले तर काय होतं याचा हिशेब मी दारापर्यंत करत होते, आणि दर वेळी तो दिवाळीच्या पलीकडे जात होता.

अण्णा खिडकीत भिंग घेऊन बसले होते. पुढ्यात तीच आठ पानं. चाचा सकाळीच देऊन गेले होते.

"मी वाचली सगळी," ते म्हणाले. "आयुष्यभर तपासणी केली, पण चुका इतक्या चटकन कधी सापडल्या नव्हत्या."

"अण्णा, चेष्टा नको. ही पुन्हा छापायची आहेत. चाचा तयार आहेत."

"छापायची नाहीत. शेवटी शुद्धिपत्र दे."

"रेघ मारलेल्या चुकांसकट? लोक काय म्हणतील?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुला नीटनेटकं पुस्तक हवंय. मला वाचता येईल असं हवंय. मधल्या दिवसांचं काय करायचं, ते तू सांग."

 जूनमधल्या तीन आठवड्यांबद्दल तेव्हा तरी बोलावं असं फार वाटलं, पण मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

त्यानंतर मी प्रत्येक चुकीसमोर समासात बरोबर शब्द लिहिला, ठळक. फूटपट्टी साताऱ्याला घरी ठेवली. चाचांनी सुटीच्या दिवशीही काम केलं. दिवाळीला आठ-दहा दिवस असताना पुस्तक बांधून झालं. पहिली प्रत घेऊन मी छापखान्यातून जवळजवळ पळतच अण्णांच्या घरी गेले.

सकाळचं ऊन खिडकीत होतं. अण्णांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, उघडलं. भिंग लावलं. पान उजेडाकडे कललं, मग डोळ्यांकडे आलं, मग पुन्हा उजेडाकडे गेलं. मी उभीच होते.

"रेघा दिसतात," ते म्हणाले. "अक्षरं नाही दिसत."

मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिलं नाही. त्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "हा हिरडा." खालच्या रेघेवर. "ही तुटलेली आहे, म्हणजे कुंभा. खाली आता जांभूळ येईल." पान उलटलं. कोणत्या पानावर कोणतं नाव ते त्यांना पाठ होतं, आणि कोणतं कुठे सुरू होतं ते रेघ सांगत होती. ते नाव सांगायचे आणि त्याखालचं मी वाचायची. अशी पानं पुढे सरकली. एका रेघेपाशी बोट थांबलं. तिथे झाड असायचं कारण नव्हतं.

"हे शिराळ्याकडचं का?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचे खांदे हसून हलायला लागले. चाचांनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं. मीही हसले. वाचता वाचता मनात मात्र मोजत होते: पुस्तक तीन आठवडे आधी आलं असतं तर यातली किती पानं त्यांनी स्वतः वाचली असती? अजूनही मोजते. आकडा कधी जमत नाही.

तर तुझ्या प्रणालीत उकारापाशी रेघ थांबवता येते का, ते एकदा बघ. नाही जमलं तर पायऱ्या तशाच राहू देत. दोन दिवस पुष्कळ झाले.