अल्पशा आजाराने नव्हे

सरोवराकाठच्या त्या चिमुकल्या रेडिओ केंद्रावर संध्याकाळच्या निधनवार्ता एस्तेरे वाचायची. नातेवाईक लांब पांगलेले; कुणाचा भाऊ खाणीत कामाला, कुणाची बहीण पार मुझुझू शहरात. रेडिओनं त्यांना कळवल्याशिवाय गावात मयताची माती होत नाही. परदेशी मदतीतून शिकवायला आलेले पाहुणे मात्र म्हणाले, ही कसली पत्रकारिता? कोण, काय, कुठे, केव्हा, का, हे विचारायला शिका. ही बाई नुसती नावं वाचते! मदत चालू राहायला हवी असेल, तर ही वेळ आमच्या कार्यक्रमाला द्या.

एस्तेरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण धडा तिनं नीट ऐकला होता. तिच्या वार्तेत सगळं असायचं, ‘का’ तेवढं नसायचं. मरणाचं कारण चारचौघांत काढू नये अशी रीत, म्हणून सगळेच ‘अल्पशा आजाराने’ जायचे.

त्याच आठवड्यात लिनेसची आई आली. लेक बाळंतपणात गेली होती. एस्तेरे सवयीनं ‘अल्पशा आजाराने’ लिहू लागली, तसा म्हातारीनं तिचा हात धरला.

“आजारी कुठं होती गं माझी पोर? दवाखान्याच्या गाडीत डिझेल नव्हतं.”

एस्तेरे दवाखान्यात गेली. नर्सला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं; दोघांनी मान खाली घालून होय म्हटलं. संध्याकाळी तिनं तेच कारण वाचलं.

झालं! जिल्हा कचेरीतून फोन आला. केंद्राचे प्रमुख बाम्बो म्वाले घामाघूम झाले. पाहुणे म्हणाले, हे रीतसर बातम्यांत द्यायचं होतं. बातम्यांत! त्या ऐकतं कोण? निधनवार्ता लागल्या की चुलीवरची मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळणारे हात थांबतात.

“माफी माग, नाहीतर खुर्ची सोड,” म्वाले म्हणाले.

“चुकीचं काय वाचलं ते सांगा, आत्ता दुरुस्त करते.”

एस्तेरे वही घेऊन निघाली; म्वाले मागोमाग येऊन दारात उभे राहिले.

बाहेर ओट्यावर माणसं आपापल्या मयताची वार्ता घेऊन बसली होती. भावाचं नाव सांगून झालं तरी एक कोळी जागचा हलेना. आणखी काही आहे का, एस्तेरेनं विचारलं.

“तो का गेला, तेही वाचा, ताई. दवाखान्यात विचारून या. आम्ही थांबतो.”

“माझ्या नवऱ्याचंही,” मागची बाई म्हणाली.

एस्तेरे म्वालेंकडे वळली. “खुर्ची घ्या तुमची. पण यांना नाही म्हणायचंय ना, ते तुम्ही म्हणा.”

म्वालेंनी ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं. मग तिला पुन्हा खुर्चीकडे जायला वाट देत दारातून बाजूला झाले.