सार्जंटचं पान

माझी भाची प्रीता कावळे सांभाळते. अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या भिशीत हे सांगायला मला अवघड वाटायचं. इतरांच्या मुली कॉम्प्युटरवर, आमची एका जुन्या लष्करी किल्ल्यावर डोमकावळ्याला उंदीर चारते. जखमी डोमकावळा सांभाळायची त्या किल्ल्याची फार जुनी प्रथा आहे. हल्लीच्या कावळ्याचं नाव सार्जंट. एक पंख अधू, त्यामुळे उडतो तो दहा-बारा पावलंच. प्रीता रोज त्याचं वजन करते, आणि त्याने पळवलेल्या चाव्या ज्याच्या त्याला परत करते.

तिची आई आश्लेषा, माझी धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली. आम्ही दोघींनी पोरीच्या मागे एकच धोशा लावला होता, "कॉम्प्युटरचा कोर्स कर."

यंदा सर्वपित्रीलाच प्रीताची परीक्षा आली. हाकेसरशी सार्जंट तटावरून तिच्या हातावर आला तर नोकरी पक्की, नाही तर सीझन संपला की घरी. मीही तिच्याबरोबर किल्ल्यावर गेले होते. ती कपडे बदलायला गेली तेवढ्यात मी तटावर आश्लेषाच्या नावाचं पान ठेवलं. सार्जंटने भात, वडे, खीर, सगळं चाटूनपुसून खाल्लं. मला भरून आलं.

अकरा वाजता प्रीताने उंदीर दाखवून हाक मारली. सार्जंट ढिम्म. तिच्या साहेबीणबाई घड्याळ बघू लागल्या.

मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "प्रीते, तो जेवलाय. श्राद्धाचं. तुझ्या आईच्या नावाने."

"वडे पण?"

"दोन."

"मावशी, यू आर इम्पॉसिबल." ती रडेल वाटलं, पण तिला हसूच आवरेना. "आता तो संध्याकाळपर्यंत हलत नाही."

पिंडाला कावळा शिवला नाही की आपल्यात गेलेल्या माणसाच्या मनातलं कबूल करतात. इथे तर कावळा जेवून बसलेला. तरी मी हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "आश्लेषा, पोरीची काळजी करू नकोस. ती कावळेच सांभाळेल. कोर्सचं नाव मी पुन्हा काढणार नाही."

सार्जंटने मान वाकडी केली, अंग झाडलं आणि धप्पकन प्रीताच्या हातावर येऊन बसला. उंदराकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"या काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"फॅमिली मॅटर," प्रीता डोळे पुसत म्हणाली.

नोकरी पक्की झाली. परवा तिने तटावरच्या नव्या पाटीचा फोटो पाठवला. वर इंग्रजीत सूचना, खाली आश्लेषाने तिच्याकडून लहानपणी गिरवून घेतलेल्या अक्षरांत मराठी: सार्जंटला वडे देऊ नयेत.

फोटो मी भिशीत सगळ्यांना दाखवला.