साडूंचा पितळी गोळा

उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात, या एका वाक्यापायी आमच्या साडूंनी अख्खा संसार वेठीला धरला आहे. बदलापूरच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवतात. इतर मास्तर हे वाक्य फळ्यावर लिहून मोकळे होतात. आमचे साडू ते सिद्ध करत बसतात. आमच्याकडच्या सत्यनारायणाला, मुलं जमलीच आहेत म्हणून, त्यांनी हॉलमध्ये या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत तांब्याची तार ताणली, मधोमध वजन टांगलं आणि तारेखाली मेणबत्त्या लावल्या. तार तापली, लांबली, आणि वजन सावकाश उतरून प्रसादाच्या शिऱ्यात टेकलं. भटजी पोथी मिटून बघत राहिले. "बघा, चांगलं दोन बोटं खाली आलं," साडू म्हणाले. तेव्हापासून मेव्हणी त्यांचे खिसे तपासल्याशिवाय त्यांना कुठल्या कार्याला नेत नाही.

यंदा संस्थेने प्रयोगशाळेची खोली काढून घेऊन तिथे मोठा पडदा लावायचं ठरवलं. "सर, प्रयोग सगळे व्हिडिओत दिसतात," सचिव म्हणाले. साडूंनी हातापाया पडून एक संधी मागितली: एक प्रयोग बघा, मग ठरवा. प्रयोग साधाच. गार गोळा कडीतून जातो, तापवला की अडतो. पण शाळेतला गोळा झिजून इतका ढिला झाला होता की तापवूनही बेधडक जायचा. म्हणून साडूंनी उल्हासनगरच्या एका लेथवाल्याकडून नवा पितळी गोळा आणि कडी करून घेतली. "साईं, बच्चों के लिए है, थोड़ा लूज़ रखो," तो बिचारा कळवळून सांगत होता. हे ऐकतात कुठले. महिनाभर गोळा पॉलिश पेपरने घासत बसले. "साडूभाऊ, मधून केससुद्धा जाता कामा नये," हे मी दर रविवारी ऐकत होतो.

प्रयोगाच्या दिवशी सामान उचलायला मी होतोच. सचिवांना तासभर उशीर झाला. तेवढा वेळ साडू येरझारा घालत होते, गोळा मुठीत घट्ट धरून. खाली ठेवला तर पडेल, धूळ बसेल, ही धास्ती. सचिव आले, मुलं गप्प झाली. साडूंनी न तापवलेला गोळा कडीवर ठेवला. तो गेला नाही. दाबला, तरी नाही. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. "राहू दे सर. उद्या सुतार येतोय," सचिव हळूच म्हणाले आणि निघून गेले. पाठोपाठ मधली सुट्टी झाली आणि वर्ग रिकामा झाला.

मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी हार मी कुणाची पाहिली नव्हती. साडू मात्र आपल्या तळहाताकडे बघत होते.

"हाताची ऊब," ते म्हणाले. "नुसत्या हाताच्या उबेने वाढला हो. असा प्रयोग सबंध नोकरीत जमला नव्हता."

गोळा गार व्हायची वाट बघत आम्ही दोघे बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो अलगद कडीतून उतरला.

"कळलं का?" साडूंनी सवयीने समोर बघून विचारलं.

समोर एकही मूल नव्हतं. मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "कळलं, सर."